मंद प्रकाशाचा पुरावा : पल्लामापक कॅमेऱ्याचे वेगवान भिंग आणि सांताक्रूझ-जुहू परिसर

अर्वाचीन भारताच्या इतिहासलेखनात छायाचित्राला साधन म्हणून मान्यता मिळाली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. परंतु ज्या कसोट्या कागदपत्राला लावल्या जातात त्या छायाचित्राला लावल्या जातातच असे नाही. एखादे मोडी पत्र हाती आले, तर त्याचा कागद, शाई, अक्षराचे वळण, मायना आणि मितीचा मेळ यांची छाननी झाल्यावाचून कोणी त्यातील मजकुरावर भिस्त ठेवीत नाही. छायाचित्र मात्र पुष्कळदा नुसत्या मजकुरासारखे वाचले जाते : कोण उभे आहे, कोण बसले आहे, कोणाच्या मुद्रेवर कोणता भाव आहे. ते कोणत्या भिंगातून, किती प्रकाशात आणि किती वेळात उमटले, हा प्रश्न मागेच राहतो. हा प्रश्न न विचारल्यामुळे काय निसटते, हे पाहण्यासाठी सांताक्रूझ स्थानकाच्या पश्चिमेस असलेल्या जुहूच्या किनाऱ्याइतके सोयीचे ठिकाण मुंबईच्या उपनगरांत दुसरे नाही.

६ मे १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यानंतर महात्मा गांधी विश्रांतीसाठी जुहूला आले. शांतिकुमार मोरारजी यांच्या बंगल्यात त्यांचा मुक्काम जून महिन्यापर्यंत होता. या मुक्कामातील त्यांची छायाचित्रे कनू गांधींनी घेतलेली आहेत. कनू गांधी (१९१७-१९८६) हे गांधीजींच्या पुतण्याचे, म्हणजे नारणदास गांधींचे, चिरंजीव. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात ते हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळीत. गांधीजींच्या जीवनाची चित्रनोंद ठेवावी, ही सूचना त्यांना विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी केली असे सांगितले जाते. कॅमेऱ्यासाठी आश्रमाच्या पैशाला हात लावण्यास गांधीजींची संमती नव्हती. पुढे घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले, त्यातून एक रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी अटी घातल्या त्या तीन : फ्लॅशचा झोत टाकायचा नाही, चित्रासाठी कोणालाही बसवायचे किंवा उभे करायचे नाही, आणि आश्रमाने खर्च सोसायचा नाही.

या अटींचा उल्लेख गांधीजींच्या साधेपणाचे उदाहरण म्हणून नेहमी केला जातो. छायाचित्रणाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ अधिक कठोर आहे. झोत नाही, म्हणजे असेल त्या उजेडात काम भागवायचे. आणि बसवणे नाही, म्हणजे माणूस स्थिर राहील ही खात्री सोडून द्यायची. उरतात दोनच उपाय : अधिक संवेदनशील फिल्म किंवा अधिक प्रकाश घेणारे भिंग. यांपैकी पहिला उपाय त्या काळी मर्यादितच होता. दुसरा उपाय युरोपात सिद्ध झालेला होता, परंतु शंभर रुपयांत मिळालेल्या रोलायफ्लेक्सवर तो नव्हता. त्या काळच्या रोलायफ्लेक्सवर सामान्यतः ३.५ किंवा ३.८ छिद्रांकाचे भिंग असे.

येथे थोडे गणित करणे अवश्य आहे. भिंगाला स्वतःचा असा वेग नसतो. भिंगाचे नाभ्यंतर आणि त्याच्या छिद्राचा व्यास यांचे गुणोत्तर म्हणजे छिद्रांक. तो जितका लहान तितका प्रकाश अधिक, आणि प्रकाश अधिक म्हणून प्रकाशनकाल कमी, एवढ्याच अर्थाने भिंगाला वेगवान म्हणतात. पन्नास मिलिमीटर नाभ्यंतराच्या, ३.५ छिद्रांकाच्या भिंगाचे छिद्र सुमारे १४ मिलिमीटरचे, म्हणजे जुन्या चांदीच्या चवलीहून किंचित लहान असते. छिद्रांक १.५ असेल तर तेच छिद्र ३३ मिलिमीटरचे, म्हणजे राणीछाप रुपयाहूनही मोठे होते. प्रकाश क्षेत्रफळाच्या प्रमाणात येत असल्यामुळे दुसऱ्या भिंगातून पहिल्याच्या जवळजवळ साडेपाचपट प्रकाश फिल्मवर पडतो. आजच्या मापाने शंभर संवेदनांकाची फिल्म धरली, तर साध्या विजेच्या दिव्याने उजळलेल्या खोलीत, चाळीस लक्सच्या आसपास, ३.५ छिद्रांकाला पाऊण सेकंद लागेल, १.५ ला एक सप्तमांश सेकंद पुरेल. पाऊण सेकंदात बोलणाऱ्या माणसाचा चेहरा पुसट होतो. एक सप्तमांश सेकंदात, माणूस ऐकत असेल आणि छायाचित्रकाराचा हात निश्चल असेल, तर चेहरा ओळखू येण्याजोगा उतरतो. पहाटेच्या फेरफटक्याचेही तसेच आहे. सूर्योदयाच्या सुमारास चारशे लक्स उजेड धरला तर एका भिंगाला एक तेरांश सेकंद हवा, दुसऱ्याला एक सत्तरांश. आणि गांधीजींची चाल संथ नव्हती. कंदिलाच्या उजेडात तर दोन्ही भिंगे हरतात, हेही सांगितले पाहिजे.

याच मुक्कामात, जून १९४४ मध्ये, गांधीजींना विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ (१९४३) हा चित्रपट दाखवण्यात आला. त्यांनी पाहिलेला हा एकमेव भारतीय चित्रपट म्हणून त्याची ख्याती आहे. पडद्यावरून परतलेल्या उजेडात प्रेक्षकाचा चेहरा टिपायचा, तर वरील हिशेबाप्रमाणे वेगवान भिंगालाही पाच-सहा सेकंद लागले असते आणि रोलायफ्लेक्सला जवळजवळ अर्धे मिनिट. तो क्षण झोतावाचून टिपणे त्या काळातील कोणत्याही साधनाला साध्य नव्हते. कनू गांधींच्या संग्रहात फेरफटके, अंगणातील भेटी, रेल्वेच्या डब्याच्या खिडकीतील प्रसंग यांचे प्राबल्य दिसते आणि रात्रीचे जीवन विरळ दिसते. त्यावरून आश्रमाच्या दिनक्रमाविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहावा. साधन जेथे पोहोचत नाही तेथे मौन असते, आणि त्या मौनाला इतिहासाने उगाच अर्थ चिकटवू नये.

ज्यांच्यापाशी झोत होता त्यांनाही गांधीजींनी मोकळीक दिली नाही. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी ‘लाइफ’साठी चरख्याजवळचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना तीनच फ्लॅश-बल्ब वापरण्याची परवानगी होती, पहिले दोन प्रयत्न फसले आणि तिसरा साधला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि १९४२ पासून दिल्लीत वृत्तछायाचित्रण करणाऱ्या होमाई व्यारावाला यांचे काम रोलायफ्लेक्स आणि स्पीड ग्राफिक या कॅमेऱ्यांवर चाले. रात्रीच्या समारंभांत त्यांच्या व्यवसायबंधूंप्रमाणे त्यांनाही झोताचा आधार घ्यावा लागे. झोतात घेतलेल्या चित्राची एक ठराविक खूण असते : पुढची आकृती लख्ख, मागची खोली काळीठिक्कर. सभागृह किती भरलेले होते हे अशा चित्रावरून ठरवणे धोक्याचे आहे.

वेगवान भिंगाचा इतिहास ज्या माणसाभोवती फिरतो तो लुडविग बेर्टेले हा जर्मन रचनाकार. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्यात वयाच्या पंचविशीच्या आत त्याने एर्नोस्टार हे भिंग रचले. १९२४ मध्ये बाजारात आलेल्या एर्मानॉक्स कॅमेऱ्यावर ते २ छिद्रांकाचे होते आणि पुढे १.८ पर्यंत गेले. डॉ. एरिख सालोमोन यांनी १९२८ पासून न्यायालये आणि मुत्सद्द्यांच्या बैठकी झोतावाचून टिपल्या त्या याच कॅमेऱ्याने. परंतु एर्मानॉक्स काचपट्टीचा कॅमेरा होता. प्रत्येक चित्राला पट्टी बदलावी लागे आणि नाभीयन धूसर काचेवर पाहून करावे लागे. वेगवान भिंग हाती आले, पण ते झपाट्याने वापरण्याची सोय आली नव्हती.

ती सोय १९३२ साली आली. लायका हा ३५ मिलिमीटर फिल्मचा छोटा कॅमेरा १९२५ पासून विक्रीस होता, पण त्यावर ३.५ छिद्रांकाचे भिंग होते आणि अंतर अंदाजाने किंवा वेगळ्या उपकरणाने ठरवावे लागे. १९३२ मध्ये लायकाच्या दुसऱ्या आवृत्तीत भिंगाशी जोडलेला पल्लामापक आला. त्याच वर्षी झाइस इकॉनने कॉन्टॅक्स कॅमेरा काढला. एर्नेमान कारखाना १९२६ मध्ये झाइस इकॉनमध्ये विलीन झाला होता, आणि त्याबरोबर बेर्टेलेही तिकडे गेला होता. कॉन्टॅक्ससाठी त्याने रचलेले ५० मिलिमीटर, १.५ छिद्रांकाचे झोनार हे भिंग या विषयाचा कणा होय. जाता जाता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले ते याच वर्षी. तो प्रसंग दिवसाउजेडीचा होता. अशा प्रसंगाला साधा पेटी-कॅमेराही पुरतो.

झोनारची रचना समजून घेतल्यावाचून त्याचे महत्त्व कळत नाही. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर येणाऱ्या प्रकाशापैकी चार ते पाच टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो, आणि वाया जाऊनही तो गप्प बसत नाही; भिंगाच्या आतल्या आत फिरून फिल्मवर पांढुरकी छाया पसरवतो. पृष्ठभागावर परावर्तनरोधक लेप देण्याची पद्धत झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये शोधली आणि ती सर्वत्र रूढ होण्यास दुसरे महायुद्ध संपावे लागले. तोपर्यंत उपाय एकच होता : उघडे पृष्ठभाग कमी ठेवणे. बेर्टेलेने सात काचा तीन गटांत चिकटवून बसवल्या, त्यामुळे हवेला लागणारे पृष्ठभाग सहाच राहिले. १९३६ मध्ये लायकासाठी निघालेल्या क्सेनॉन या १.५ छिद्रांकाच्या भिंगात काचा सातच होत्या, पण गट पाच, म्हणजे उघडे पृष्ठभाग दहा. लेपाविना पहिल्यातून सुमारे तीनचतुर्थांश प्रकाश पार जातो, तर दुसऱ्यातून पाचांपैकी तीन भागांहून थोडा अधिक. कागदावर दोघांचा छिद्रांक समान आहे, चित्रात नाही. दिवा चौकटीत आला की हा फरक विशेष जाणवतो. लेप रूढ झाल्यावर झोनारचा हा लाभ ओसरला आणि अधिक गटांच्या रचना पुढे सरसावल्या, ही तांत्रिक इतिहासातील एक मोठी गमतीची उलथापालथ आहे.

झोनारच्या या घडणीला एक अट होती. त्याचा मागचा काचगट फिल्मच्या अगदी जवळ येतो. पल्लामापक कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा नसतो, म्हणून हे शक्य होते. लायकाच्या भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर आहे. आरसा बसवलेल्या, म्हणजे रिफ्लेक्स, कॅमेऱ्यात तेच साधारण ४४ ते ४७ मिलिमीटर असते. म्हणूनच ही भिंगे रिफ्लेक्स कॅमेऱ्यावर दूरच्या वस्तूसाठी चालत नाहीत आणि आजही ती फिल्मवर वापरायची तर पल्लामापक कॅमेराच हवा.

आता पल्लामापकाकडे वळावे. दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा भिंग फिरवून एकमेकींवर आणायच्या, एवढेच त्याचे काम. खिडक्यांमधील अंतर जितके जास्त तितकी अचूकता जास्त. १९३६ च्या कॉन्टॅक्समध्ये ते ९० मिलिमीटर होते, स्क्रूच्या बैठकीच्या लायकात सुमारे ३९, तर १९५४ च्या लायका एम३ मध्ये सुमारे ६८. ही अचूकता चैनीची बाब नव्हती. ५० मिलिमीटरचे भिंग १.५ ला पूर्ण उघडले आणि विषय एक मीटरवर असला, तर रेखीव दिसणाऱ्या पट्ट्याची खोली साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरते. डोळे रेखीव येतात आणि कान पुसट होतो. बसलेल्या माणसाने श्वास घेऊन थोडे पुढे झुकणे एवढेही चूक होण्यास पुरेसे असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पल्लामापक कॅमेऱ्याच्या दर्शकातून छायाचित्रकार भिंगातून पाहतच नाही. त्याला दिसते ते साध्या खिडकीतून दिसावे तसे, पुढचे आणि मागचे सारखेच स्पष्ट. मागची भिंत, मागची माणसे, दारातला पहारेकरी हे सर्व चित्रात विरघळून जाणार आहे, हे त्याला अनुभवाने ठाऊक असेल. डोळ्यांना दिसत नसते. आजचा वाचक अशा चित्रातील धूसर पार्श्वभूमीला छायाचित्रकाराची कलात्मक निवड समजतो आणि त्यावर अर्थ रचतो : नेता एकटा पडला होता, समुदायापासून अलग दाखवला आहे, इत्यादी. छिद्र पूर्ण उघडल्यावाचून चित्रच उमटले नसते, ही शक्यता प्रथम तपासली पाहिजे. निवड असेलही, परंतु ती सिद्ध करण्याचा भार अर्थ लावणाऱ्यावर आहे. रोलायफ्लेक्सची गोष्ट वेगळी. तेथे वरच्या भिंगाची प्रतिमा धूसर काचेवर दिसते आणि पुसटपणाचा अंदाज छायाचित्रकाराला येतो. म्हणजे कनू गांधींच्या चित्रातील पुसट पार्श्वभूमी आणि पल्लामापकाने घेतलेल्या चित्रातील पुसट पार्श्वभूमी या दिसण्यात सारख्या असल्या, तरी हेतूविषयीचा पुरावा म्हणून त्यांचे वजन सारखे नाही.

झोनारच्या वापरात आणखी एक अडचण आहे, आणि ती आजच्या वापरकर्त्यांनाही चकवते. या भिंगातील गोलीय विपथन पूर्णपणे काढलेले नाही. छिद्राच्या कडेकडून येणारे किरण आणि मध्यातून येणारे किरण एकाच प्रतलावर नेमके मिळत नाहीत. छिद्र लहान केले की कडेचे किरण वगळले जातात आणि नाभीप्रतल किंचित मागे सरकते. पल्लामापकाला याची वार्ता नसते. तो केवळ अंतर मोजतो. परिणामी भिंग १.५ ला जुळवलेले असेल तर २.८ ला चूक दाखवते, आणि २.८ ला जुळवलेले असेल तर १.५ ला. डोळ्यांवर धरलेले नाभीयन कधी नाकाच्या शेंड्यावर, कधी कानावर पडते. जुनी चित्रे पाहताना ‘घाईत चुकले’ असा शेरा मारण्यापूर्वी ही शक्यता ध्यानात घ्यावी. अनुभवी वापरकर्ते यावर उपाय करतात तो सरळ आहे : आपले भिंग कोणत्या छिद्राला जुळते हे एका मोजपट्टीचे तिरपे चित्र घेऊन पाहायचे आणि इतर छिद्रांसाठी शरीराचा तोल तेवढा पुढे-मागे ठेवायचा.

मंद प्रकाशात पल्लामापक कॅमेऱ्याने काय साधते याचे भारतीय इतिहासातील सर्वांत विख्यात उदाहरण ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळचे आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ त्या दिवशी दुपारी गांधीजींना भेटून गेले होते. हत्येची वार्ता कळताच ते बिर्ला भवनाकडे परतले आणि फाटकावर चढून लोकांना ती वार्ता सांगणाऱ्या जवाहरलाल नेहरूंचे चित्र त्यांनी लायकाने टिपले. झोत वापरणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. दिव्याचा पांढरा गोळा, भोवती काळोख, कडा हललेल्या; शांत प्रकाशातील कोणत्याही परीक्षेत हे चित्र नापास झाले असते. कनू गांधी त्या दिवशी नौखालीत होते. दहा वर्षे ज्याने ही नोंद ठेवली त्याच्या कॅमेऱ्यासमोर शेवटचा प्रसंग आलाच नाही, आणि त्या रात्रीची नोंद परक्या माणसाच्या पल्लामापकाकडे गेली. भिंगाच्या इतिहासात माणसाच्या जागेचाही हिशेब धरावा लागतो तो असा.

मुंबईच्या उपनगरांत ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याची एक निराळी परंपरा मालाडला दिसते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजचे चलच्चित्रकार योजेफ विर्शिंग (१९०३-१९६७) हे जर्मन. ‘अछूत कन्या’ (१९३६) सारख्या चित्रपटांचे छायालेखन करीत असतानाच त्यांनी लहान कॅमेऱ्याने संचावरची आणि संचामागची हजारो स्थिरचित्रे घेतली. नट वाट पाहत बसलेले, दिवे बसवणारे कामगार, उघड्यावरची चित्रीकरणे अशी ती सामग्री आहे. संचावर प्रकाश मुबलक असतो, पण तो कॅमेऱ्याच्या चौकटीपुरता. दोन पावले बाजूला काळोखच असतो. कामगार उभे असतात ते त्या काळोखात. म्हणून त्यांची चित्रे निघण्यासाठी हातात धरण्याजोगा कॅमेरा आणि बऱ्यापैकी उघडणारे भिंग यांची गरज होती. महायुद्ध सुरू झाल्यावर विर्शिंग यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. या संग्रहावर गेल्या काही वर्षांत प्रदर्शने भरली आणि ग्रंथलेखनही झाले. मराठी अभ्यासकांनी चित्रपटव्यवसायातील श्रमाच्या इतिहासासाठी त्याचा अद्याप पुरेसा उपयोग केलेला नाही.

युद्धानंतर या भिंगांचे गोत्र फुटले. येना येथील सामग्री सोव्हिएत संघात गेली. कीव्हमध्ये कॉन्टॅक्सवरून कीव्ह कॅमेरा तयार होऊ लागला, आणि सोव्हिएत संघातच झोनारवरून ज्युपिटर-३ हे भिंग निघू लागले. जपानमध्ये निक्कोर आणि कॅनन यांनी झोनारची रचना अंगीकारून सुधारली. १९५० मध्ये डेव्हिड डग्लस डंकन यांनी आपल्या लायकावर निक्कोर भिंगे लावून कोरियाचे युद्ध टिपले, आणि जपानी भिंगांचा लौकिक जगभर झाला. पुढे छिद्रांक खाली आणण्याची चढाओढच लागली : १९५६ मध्ये कॅननचे १.२ आणि निक्कोरचे १.१, तर १९६१ मध्ये कॅननचे ०.९५. या शर्यतीला फिल्मनेच वेसण घातली. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ मध्ये ३५ मिलिमीटरमध्ये आली. चारशे संवेदनांकाच्या फिल्मवर पूर्वीच्या त्याच खोलीत १.५ छिद्रांकाला एक अठ्ठाविसांश सेकंद पुरतो. जे काम काचेने करायचे ते रसायनाने केले, आणि १९५९ मध्ये निकॉन एफ आल्यावर वृत्तछायाचित्रकार हळूहळू रिफ्लेक्स कॅमेऱ्याकडे वळले.

भारतात हा सर्व माल आयातीचा होता आणि परकीय चलनाच्या टंचाईत तो दुर्मिळ झाला. हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी संस्था १९६० मध्ये उटकमंड येथे स्थापन झाली आणि १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले. तोवर देशात फिल्मसाठी परदेशाकडेच पाहावे लागे. अशा परिस्थितीत जुने भिंग टाकून दिले जात नाही. ते वापरले जाते, दुरुस्त केले जाते, मुलाकडे येते. फोर्टमधील बोरा बाजारात कॅमेऱ्यांची आणि दुरुस्तीची दुकाने टिकून राहिली, त्यामागे हे एक कारण निश्चित आहे.

याच ठिकाणी सांताक्रूझ पुन्हा चर्चेत येते, या वेळी हवामानाच्या बाजूने. मुंबईच्या पावसाचे आकडे कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांतून येतात. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाने चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंद केली. कुलाब्याला त्याच अवधीत अवघे ७३ मिलिमीटर. तळमजल्यावरील घरांत ज्यांची कपाटे त्या दिवशी पाण्याखाली गेली, त्यांत कौटुंबिक छायाचित्रे आणि ऋणचित्रांच्या पेट्या किती होत्या याची मोजदाद झालेली नाही. महापूर ही अपवादात्मक घटना होय. नित्याचा शत्रू हवेतील ओल हा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये येथील सापेक्ष आर्द्रता सरासरीने ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या पुढे भिंगात बुरशी धरू लागते. काचेच्या आतल्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. वेळीच भिंग उघडून पुसले तर ते निघतात; उशीर झाला तर बुरशीतून निघणारे आम्ल लेप आणि काच दोन्ही खाते, आणि तो ओरखडा कायमचा राहतो. झोनारसारख्या चिकटवलेल्या रचनेत दोन काचांमधला डिंकही पिवळतो किंवा सुटतो, आणि तो पुन्हा बसवणारे कारागीर थोडे आहेत. अशा भिंगातून आलेले चित्र धूसर आणि दुधाळ दिसते. ‘जुन्या भिंगाचा गोडवा’ म्हणून आज ज्याची वाहवा होते, त्यात रचनेचा भाग किती आणि बुरशीचा किती, हे उजेडापुढे भिंग धरून पाहिल्यावाचून ठरवता येत नाही. बेर्टेलेच्या नावावर पुष्कळदा मुंबईच्या पावसाळ्याचे श्रेय जमा होते.

ऋणचित्रांचेही तसेच. विसाव्या शतकाच्या मध्यापासूनची बहुसंख्य फिल्म सेल्युलोज ॲसिटेटच्या पायावर आहे. उष्ण आणि दमट हवेत हा पाया विघटित होऊ लागतो, व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आक्रसते आणि वरचा थर सुरकुततो. एकदा सुरू झालेली ही क्रिया थांबवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागेत केवळ मंद करता येते. भिंग बिघडले तर दुसरे मिळते; १९४४ च्या जुहूचे ऋणचित्र दुसरे नाही.

संग्रहालयांच्या नोंदवह्यांत छायाचित्राखाली विषय, स्थळ, दिनांक आणि छायाचित्रकार हे रकाने असतात. त्यांत कॅमेऱ्याचा प्रकार, ऋणचित्राचे माप आणि प्रकाशाचे साधन हे तीन रकाने वाढवण्यास खर्च येत नाही. माप चौरस आहे की ३५ मिलिमीटरचे, एवढे पाहिले तरी छायाचित्रकार धूसर काचेवर पाहत होता की पल्लामापकाच्या खिडकीतून, याचा पहिला अंदाज बांधता येतो. सावल्यांच्या कडेवरून झोत ओळखता येतो. दिव्याभोवतीच्या वलयावरून लेप होता की नाही याचा तर्क करता येतो. मात्र यासाठी छापील प्रतीवर विसंबून भागत नाही, कारण छापताना चौकट कापली जाते आणि काळोख उजळला जातो. मूळ ऋणचित्र मेजावर घ्यावे लागते, आणि तेही पावसाळा संपल्यावर.